शब्दचर्चा: सर्मेटला ‘कठीण मिश्रधातू’ म्हणावं का?

प्रश्न: कर्तन-हत्यारांवरच्या एका लेखाच्या भाषांतरात ‘सर्मेट’साठी ‘टायटॅनियम कार्बोनायट्राइडचे कठीण मिश्रधातू’ असं लिहिलंय. चालेल का?

उत्तर: मला दोन्ही शब्द खटकतात. मिश्रधातू म्हटलं की पितळ डोळ्यांपुढे येतं, तांबं आणि जस्त वितळवून एकजीव केलेलं. इथे कार्बोनायट्राइडची बारीक भुकटी निकेल-कोबाल्टच्या भुकटीत मिसळतात, साच्यात दाबतात आणि भट्टीत तापवतात. वितळतो तो धातू, टणक कण बहुतांशी घनच राहतात. विटा सिरॅमिकच्या, सांधणारा चुना धातूचा. म्हणूनच सिरॅमिक आणि मेटल जोडून ‘सर्मेट’ शब्द झाला. वर्कशॉपमध्ये तोच चालतो, तोच ठेवा.

आता ‘कठीण’. बोलताना कठीण असतं गणित, नाहीतर प्रसंग. धार झिजू न देणारा गुण म्हणजे टणकपणा, आणि धक्का सोसणारा तो चिवटपणा. सर्मेट टणक आहे, पण टंगस्टन कार्बाइडइतका चिवट नाही. लेथवर स्टीलच्या शाफ्टचा शेवटचा हलका कट घ्या: स्टील धारेला सहसा चिकटत नाही, पृष्ठभाग चकचकीत निघतो. त्याच शाफ्टला की-वेची (चावी बसवायची) खाच असेल, तर दर फेऱ्याला धार खाचेच्या कडेवर आपटते आणि बघता बघता टवका उडतो. दोन्ही गुणांना मिळून ‘मजबूत’ लिहिलंत, तर वाचणारा नेमकं चुकीचं टूल लावेल. हे मी कळकळीने सांगतोय.

शंका: कार्बोनायट्राइड म्हणजे कार्बाइड आणि नायट्राइडचं मिश्रणच ना?

उत्तर: नाही. एकाच स्फटिकजाळीतल्या जागा कार्बन आणि नायट्रोजनचे अणू वाटून घेतात. ‘घन द्रावण’ म्हणा.

आणखी एक. वर्कशॉपमध्ये नुसतं ‘कार्बाइड’ म्हटलं की टंगस्टनचंच समजतात. ते 1926 मध्ये जर्मनीत ‘विडिया’ नावाने बाजारात आलं. जर्मनमधल्या ‘हिऱ्यासारखं’ या शब्दांवरून ते नाव पडलं. त्यामुळे सर्मेटला सैलपणे कार्बाइड म्हणू नका. एकाच मापाचे दोन इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचे कापणारे तुकडे) तळहातावर ठेवून बघा, सर्मेटचा निम्म्याच्या आसपास भरतो. टंगस्टन कार्बाइडची घनता घन सेंटिमीटरला 15.6 ग्रॅम, सर्मेटमधल्या कणांच्या जवळच्या टायटॅनियम कार्बाइडची जेमतेम 4.9; सांधणारा धातू धरून सर्मेट निम्म्यावर येतो.