एसीचा कॉम्प्रेसर बदलण्याआधी कोणती सर्व्हिसिंग करून घ्यावी?

प्रश्न
माझ्या गाडीचा एसी हायवेवर उत्तम गार हवा देतो. मात्र गाडी सिग्नलला थांबली की थोड्याच वेळात हवा कोमट होते. मेकॅनिकने गेज (गॅसचे प्रेशर मोजणारे मीटर) न लावताच कॉम्प्रेसर (एसीचा गॅस दाबून फिरवणारा पंप) गेल्याचे सांगितले. एवढा महागडा भाग बदलण्याआधी काय तपासून घ्यावे?

उत्तर १
या लक्षणावरून पहिला संशय कॉम्प्रेसरवर नव्हे, तर कंडेन्सरवर (गाडीच्या पुढच्या भागातली, गॅसची उष्णता बाहेर सोडणारी जाळी) जायला हवा. गाडी वेगात असताना समोरचा वारा कंडेन्सरमधून आपोआप वाहतो. गाडी थांबली की ते काम एकट्या कंडेन्सरच्या फॅनवर येते. फॅन बंद असेल, मंद फिरत असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि किडे घट्ट बसले असतील, तर गॅसमधली उष्णता बाहेर पडत नाही, हाय साइडचे (कॉम्प्रेसरनंतरच्या जास्त दाबाच्या भागातले) प्रेशर चढते आणि गारवा जातो. इंजिन व एसी चालू ठेवून, हात दूर ठेवून, फॅन फिरतो का ते पाहावे. जाळी धुताना प्रेशर वॉशर जवळून मारू नये. पातळ फिन्स (जाळीतल्या धातूच्या पट्ट्या) वाकतात आणि वाऱ्याची वाट अडते.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. त्यानंतरही फरक पडला नाही, तर गॅसकडे वळावे, पण नुसता टॉप-अप करून घेऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. एसी बंद असताना गेजवर दिसणारे प्रेशर मुख्यतः तापमानावर ठरते. सिस्टिममध्ये थोडा द्रव गॅस उरला असला, तरी आकडा ठीकच दिसतो. म्हणून सगळा गॅस मशीनने काढून त्याचे वजन करावे आणि ते बॉनेटखालच्या स्टिकरवरील ग्रॅमशी ताडून पाहावे. गॅस वापराने संपत नसतो. वजनात तो बराच कमी आढळला, तर गळती शोधलीच पाहिजे. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून (पंपाने सिस्टिममधली हवा ओढून), ओलावा निघून गेल्यावर, गॅस वजनानेच भरावा. गॅस फारच कमी असल्यास प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, आणि चांगला कॉम्प्रेसर निकामी ठरवला जातो.

उत्तर ३
कॉम्प्रेसरमधून खडखड आवाज येत असेल किंवा काढलेल्या ऑइलमध्ये धातूचा चुरा दिसला, तर मात्र तो बदलणे योग्य. त्या वेळी रिसीव्हर-ड्रायरही (गॅसमधला ओलावा शोषणारा भाग) नवा घालावा आणि लाइन (गॅसच्या नळ्या) फ्लश करून, म्हणजे आतून धुऊन घ्यावी. नाहीतर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरमध्ये जाईल.