दरवर्षी नवा फोन घेणं ही देशसेवा आहे का?

पाऊलवाट:
दिवाळीला माझ्या मेव्हण्याने नवा आयफोन घेतला. आधीचा जेमतेम तेरा महिन्यांचा, काचेवर साधा ओरखडाही नाही. "अरे, त्याला काय झालं होतं?" असं विचारलं तर त्याने खोक्यावरची 'असेम्बल्ड इन इंडिया' ही ओळ दाखवली. म्हणाला, "भाऊजी, आता हा आपल्याकडे बनतो. आपण घेतला तर आपल्याच पोरांना काम मिळेल." घरात सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटलं नाही, म्हणून इथे मांडतोय.

माझा फोन साडेपाच वर्षांचा आहे. गणपतीत त्याची बॅटरी फुगली, स्क्रीन एका कडेने वर आली. कंपनीच्या सेवा केंद्रात उत्तर मिळालं, "या मॉडेलची बॅटरी आता येत नाही, एक्स्चेंजमध्ये टाका." मग इथे मुंबईतच लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथल्या मुलाने फोन गरम पट्टीवर ठेवून कडेचा गोंद सैल केला, प्लॅस्टिकची पातळ पत्ती फिरवून स्क्रीन सोडवली आणि तिळाएवढे स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने चुंबकाच्या पाटीवर मांडले. चाळीस मिनिटांत फोन परत हातात. हे लिहितोय तेही त्याच फोनवरून.

फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणाचा मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो, हे ॲपलच्या स्वतःच्या पर्यावरण अहवालांतही दिसतं. मग चांगला चालणारा फोन बाजूला टाकून त्याला देशसेवा कशी म्हणायची? आणि जुळणीत पदरात पडतं किती? आशियाई विकास बँकेच्या संशोधन संस्थेने 2010 मध्ये त्या वेळच्या आयफोनचा हिशेब मांडला होता. सुमारे 179 डॉलरच्या उत्पादनखर्चात चीनमधल्या जुळणीचे होते साडेसहा डॉलर. आपण आनंद मानतोय तो एवढ्याच तुकड्याचा.

चेन्नईतली मराठी:
तुमचं बॅटरीचं अगदी पटलं. पण "एवढाच तुकडा" हे मुंबईत बसून म्हणणं सोपं आहे.

मी अकरा वर्षं पोरूरला राहते. आयफोनची जुळणी होते ते श्रीपेरंबुदूर इथून तासाभरावर. पहाटे साडेपाचला आमच्या वळणावर कारखान्यांच्या बसगाड्या लागतात आणि त्यात चढणाऱ्या जवळजवळ सगळ्या मुलीच. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अम्माची थोरली त्यातलीच एक. बारावीनंतर तिचं लग्न ठरवत होते. आज धाकट्या भावाच्या पॉलिटेक्निकची फी ती भरते, आणि लग्नाचा विषय तिच्यापुढे काढायची कुणाची हिंमत नाही. साडेसहा डॉलरमधले काही पैसे असे या घरात येतात.

नवं मॉडेल सप्टेंबरात येतं, म्हणून पावसाळ्याच्या सुमारास बसगाड्या वाढतात. 2022 मध्ये आयफोन 14 ची जुळणी इथे सुरू झाली ती मॉडेल बाजारात आल्यावर काही आठवड्यांनी. पुढच्याच वर्षी 15 इथे बनून पहिल्या दिवशी दुकानात होता. लोकांनी फोन बदलणं थांबवलं तर सर्वात आधी यातली एक बस कमी होईल.

पाऊलवाट:
ताई, त्या मुलीबद्दल वाचून बरं वाटलं, मनापासून. पण याच मुलींची दुसरी बाजूही आहे. 2021 च्या डिसेंबरात श्रीपेरंबुदूरच्या फॉक्सकॉन (ॲपलसाठी आयफोन जुळवणारी कंपनी) कारखान्यातल्या दीडशेहून जास्त मुलींना वसतिगृहाच्या जेवणातून विषबाधा झाली. त्यांनी चेन्नई-बेंगळुरू महामार्ग अडवला तेव्हा कुठे त्या खोल्यांची अवस्था जगाला कळली. वर्षातून एकदा घाईने माल काढायचा आणि त्यासाठी कंत्राटावर माणसं भरायची, या पद्धतीत असंच होणार.

आणि नोकियाचं काय? त्याच गावात 2006 ला कारखाना आला, हजारो माणसं कामाला लागली, 2014 च्या नोव्हेंबरात कुलूप. कराचा वाद होता हे खरं, पण लोक नोकिया घ्यायचे थांबले होते हेही तितकंच खरं. गिऱ्हाइकाच्या हौसेवर उभं राहिलेलं काम हौसेबरोबरच जातं.

निशिगंध:
एक साधी गोष्ट दोघांच्याही बोलण्यातून सुटतेय. इथे बनलेले आयफोन मोठ्या प्रमाणात बाहेर जातात. 2024-25 मध्ये सुमारे दीड लाख कोटी रुपयांचे आयफोन निर्यात झाल्याचं केंद्रीय मंत्र्यांनीच सांगितलं. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक आयफोन आता भारतातून येतील, असं 2025 च्या मे महिन्यात ॲपलचे त्या वेळचे प्रमुख टिम कुक म्हणाले, आणि ट्रम्प यांनी त्यावर जाहीर नाराजी दाखवली. श्रीपेरंबुदूरची बस अमेरिकेतल्या आयातशुल्कावर जास्त अवलंबून आहे. तुमच्या मेव्हण्याने हप्ते भरून काही फरक पडत नाही, त्याने ते पैसे घरच्या गरजेला ठेवावेत.

भोसरीचा टूलरूमवाला:
मी तेवीस वर्षं मोल्ड, म्हणजे सुटे भाग ओतायचे साचे, बनवतोय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पाऊलवाट दादा, तुमचा साडेसहा डॉलरचा आकडा बरोबर आहे, पण पुढे काय झालं ते बघा. तो अभ्यास करणाऱ्यांपैकी एकाने पुढे आयफोन एक्सचाही हिशेब केला, तेव्हा उत्पादनखर्चातला चिनी कंपन्यांचा वाटा पावहिश्श्यावर गेला होता. आठ वर्षांत! हे कशामुळे झालं? दरवर्षी मॉडेल बदलतं म्हणजे दरवर्षी नवे मोल्ड, नवे जिग, नवी फिक्स्चर (काम करताना भाग जागेवर धरून ठेवणारी साधनं). फोनच्या बटणाचा मोल्ड पाच-सात मायक्रॉनने (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) चुकला तर बटण कुरकुरतं. ते दुरुस्त करायला माणूस रात्री मशीनपाशी उभा राहतो आणि असं दहा वर्षं केलं की कारागीर तयार होतो. चीनमधलं फोन बनवणारं शहर शेन्झेन असंच घडलं. तुम्ही ज्या घाईला नावं ठेवताय, ती त्यांची शाळा होती.

आपल्याकडे ही शाळा अजून नीट भरलेली नाही. 2025 च्या जुलैत फॉक्सकॉनने भारतातल्या कारखान्यांतून तीनशेहून अधिक चिनी अभियंते-तंत्रज्ञ परत पाठवल्याच्या बातम्या आल्या. आपल्याला अजून त्यांची गरज लागते, याचं मला वाईट वाटलं. आणि महाराष्ट्राचं दुखणं वेगळंच. 2015 मध्ये फॉक्सकॉनने राज्याशी 5 अब्ज डॉलरचा करार केला, तेव्हा आमच्या गल्लीत दोघांनी कर्ज काढून व्हीएमसी (संगणकावर चालणारी, धातू कापणारी) मशीन घेतली. कारखाना आलाच नाही. त्यातलं एक मशीन आज मोटारसायकलचे ब्रॅकेट कापतंय.

म्हणून माझं म्हणणं, वेग कमी करायला सांगू नका. वेगाबरोबर सुटे भागही इथे बनायला हवेत, हे मागा.

चेन्नईतली मराठी:
विषबाधेचं मी विसरलेले नाही. तेव्हा कारखाना काही आठवडे बंद होता, ॲपलने त्याला देखरेखीखाली ठेवलं, नंतर खोल्या सुधारल्या. हे मुली रस्त्यावर बसल्या म्हणून झालं. काम होतं म्हणून त्या रस्त्यावर बसू शकल्या.

आणि मेव्हण्यांचा तेरा महिन्यांचा फोन काही कचऱ्यात गेला नसेल. अम्माच्या मुलीच्या हातातला फोन असाच कुणीतरी बदललेला आहे.

पाऊलवाट:
हे मान्य, त्या बाजूने मी विचार केला नव्हता. पण दुसऱ्या हातात गेलेला फोन तिथे किती टिकणार, हे बॅटरी मिळते की नाही यावर आहे. युरोपात 20 जून 2025 पासून नियम लागू झालाय: मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं सुटे भाग द्यायचे, किमान पाच वर्षं सॉफ्टवेअर अद्ययावत करायचं. आपल्याकडे दुरुस्तीसुलभता निर्देशांकाचा (वस्तू दुरुस्त करणं किती सोपं, ते गुणांत सांगणारा आकडा) अहवाल त्याच वर्षी मे महिन्यात सरकारकडे गेलाय. इथेच बनणाऱ्या फोनचे भाग इथल्या माणसाला मिळावेत, एवढं तरी आपण सगळे मिळून मागूया.

भोसरीचा टूलरूमवाला:
यात मी तुमच्याबरोबर. गाड्यांच्या धंद्यात आम्ही हे कायम करतो. माझ्या रॅकवर 2011 च्या एका स्कूटरच्या हेडलॅम्प कव्हरचा मोल्ड ग्रीस लावून ठेवलाय. स्कूटर कधीच बंद झाली, मोल्ड अजून वर्षातून दोनदा मशीनवर चढतो.

चेन्नईतली मराठी:
दादा, त्या मोल्डवर किती माणसं लागतात?

भोसरीचा टूलरूमवाला:
दोन. एक मशीनवर, एक तपासणीला. तुमच्या एका बसइतकी नाहीत, ताई.