हॉवर्डला विसरून कसं चालेल?

वर कुणीतरी अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमधल्या (म्हणजे आपल्या फुटबॉलमधल्या) सेंट लुईस विद्यापीठाच्या दहा विजेतेपदांचं कौतुक केलंय. रास्तच आहे. पण त्याच सेंट लुईसला दोनदा अंतिम सामन्यात हरवणाऱ्या हॉवर्डचं नावही नाही, म्हणून लिहितोय.

वॉशिंग्टनमधलं हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ. प्रशिक्षक लिंकन फिलिप्स त्रिनिदादचे, एकेकाळचे गोलकीपर. खेळाडू बहुतेक कॅरिबियन आणि आफ्रिकेतले. १९७१ मध्ये त्यांनी सेंट लुईसला ३-२ हरवलं. पुढे एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने) काही परदेशी खेळाडूंच्या पात्रतेवर बोट ठेवून ते विजेतेपद काढून घेतलं. मायदेशी हौशी क्लबातून खेळलात, म्हणजे इथे कॉलेजकडून खेळायची वर्षं कमी, असला तो नियम! मला तर तो परदेशी पोरांवर डूख धरूनच केलेला वाटतो. नंतर कोर्टातही तो टिकला नाही.

मग आलं १९७४. अंतिम सामना सेंट लुईस शहरातच, समोर तेच सेंट लुईस, लागोपाठ दोन वर्षांचे विजेते. सामना जादा वेळेत लांबतच गेला, आणि केनेथ इलोडिग्वेच्या गोलने हॉवर्ड २-१ जिंकलं. हंगामात १९ सामने, १९ विजय. हा करंडक मात्र कुणाला काढून घेता आला नाही.