गिटच्या पानावर ‘काय पुसलं जाईल’ हे सगळ्यात वर हवं

धागाकर्ता:
गिट हे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्याची मॅन पेजेस, म्हणजे कमांडची माहिती देणारी पानं, चुकीची नाहीत, पण ती आधीच माहीत असलेल्यांसाठी लिहिली आहेत. रीसेट कमांडला हार्ड पर्याय दिला की कमिट न केलेले, म्हणजे इतिहासात न नोंदवलेले, बदल जातात. पानावर तसं लिहिलेलंही आहे. पण घाबरलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न असतो, ‘परत मिळतील का?’ कमिट केलेलं काम रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदीतून, सापडतं. नुसतं अ‍ॅड केलेलं (पुढच्या कमिटसाठी निवडलेलं) असेल, तर एफएससीके ही तपासणीची कमांड चालवून त्या मजकुराचे ब्लॉब (साठवलेल्या प्रती) शोधता येतात. अ‍ॅडही केलं नसेल, तर गिटकडे काहीच नसतं. हे तीन टप्पे त्याच पानावर, अगदी वर हवेत.

प्रतिसाद १:
असहमत. मॅन पेज हा संदर्भग्रंथ आहे, शिकवणी नव्हे. नवशिक्यांसाठी ट्युटोरियल आहे, शब्दांसाठी ग्लॉसरी आहे. स्क्रिप्ट (आपोआप चालणाऱ्या कमांड) लिहिणाऱ्याला प्रत्येक पर्यायाचा नेमका अर्थ लागतो. सोपं करताना पहिला बळी नेमकेपणाचा जातो, आणि गिटसारख्या सोर्स कंट्रोलमध्ये तो परवडत नाही.

प्रतिसाद २:
दुखणं मुळात कमांडमध्ये आहे. चेकआउट ही एकच कमांड ब्रँचही (कामाची वेगळी शाखा) बदलायची आणि फाइलमधले बदलही पुसायची. 2019 मध्ये 2.23 आवृत्तीत या दोन कामांसाठी स्विच आणि रिस्टोर वेगळे झाले, तेव्हा कुठे समजावणं सोपं झालं. इंडेक्स, कॅश आणि स्टेजिंग एरिया ही एकाच जागेची नावं, पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल थांबतात ती. फरक दाखवणाऱ्या डिफ कमांडला कॅश्ड म्हणा की स्टेज्ड, उत्तर तेच! यावर कितीही सुबक परिच्छेद लिहा, गोंधळ उरणारच.

धागाकर्ता:
@प्रतिसाद २, कमांड सुधारायला वर्षं लागतात, जुन्या स्क्रिप्ट मोडून चालत नाहीत. परिच्छेद आजही बदलता येतो.

@प्रतिसाद १, नेमकेपणा काढा असं मी म्हणतच नाही, त्याची जागा बदला. रीबेस करताना, म्हणजे आपले कमिट दुसऱ्या ब्रँचवर नव्याने रचताना, कॉन्फ्लिक्ट (दोन बाजूंच्या बदलांची टक्कर) आला की ‘अवर्स’ म्हणजे ज्याच्यावर आपण रीबेस करतोय ती बाजू, आणि ‘देअर्स’ म्हणजे आपलं स्वतःचं काम. मर्जच्या (दोन ब्रँच एकत्र करण्याच्या) बरोबर उलट. ही सूचना पानावर आहे, पण पर्यायांच्या लांबलचक यादीत. कॉन्फ्लिक्टमध्ये अडकलेला माणूस ती यादी वाचत बसणार आहे का? तो अवर्स निवडतो आणि आपलेच बदल टाकून देतो.

प्रतिसाद १:
अवर्स-देअर्सचं मान्य, ते वर यायला हवं. पण प्रत्येक पानाच्या माथ्यावर इशारे लावले, तर महिन्याभरात कोणी वाचणार नाही. काम नष्ट करणाऱ्या कमांडपुरतेच ठेवा.

धागाकर्ता:
चालेल. रीसेट, क्लीन (गिटमध्ये न नोंदवलेल्या फाइल काढणारी), रिस्टोर आणि फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरदस्तीने बदलणारी), एवढ्यांपासून सुरुवात करू.