प्रतिसाद: पणजोबांच्या मागची नावं कुठे सापडतील?

दादा तुम्ही विचारलंय की गाव भोकरदनकडचं, पणजोबांपर्यंत नावं माहितीयत, त्याच्या मागचं ऑनलाइन मिळेल का. तर आधी जालना जिल्ह्याच्या सरकारी वेबसाइटवर बघा, २०२३ ला शिंदे समितीचं (मराठवाड्यातल्या जुन्या कुणबी नोंदी शोधणारी सरकारी समिती) काम सुरू झालं तेव्हापासून कुणबी नोंदींचे जुने कागद गावानुसार स्कॅन करून टाकलेत. तुमची जात कुठली का असेना, एकदा गावाची फाइल चाळाच, भाऊबंदांची नावं दिसतात कधीकधी. पण आपला भाग १९४८ पर्यंत निजामाकडे, त्यामुळं कागद उर्दूत नाहीतर मोडीत, अन् साल फसली (निजामाच्या महसुली कागदांवरचं साल). त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे १३४४ फसली दिसलं की १९३४-३५ समजा.

खासरा पत्रकाची (१९५४ ची, कुठली जमीन कुणाची याची नोंद) नक्कल तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून काढता येते, सर्व्हे नंबर घेऊन जा.

आणि खरा खजिना म्हणाल तर त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. मूळ गाव अन् आडनाव सांगितलं की तुमच्या घराण्याचे गुरुजी कोण ते कळतं, नामावळीत आलेल्या माणसाचं नाव, त्याच्या बापाचं, भावांचं, पोरांचं, खाली कधी त्याची सहीसुद्धा. हे ऑनलाइन शोधत बसू नका, जाच. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट बघायला मिळतात, घरातलं कुणी तिकडं गेलेलं असेल तर.

घरातल्या म्हाताऱ्या आत्याला आधी फोन करा पण, सोयरिकीची गावं तिलाच माहिती असतात.