झोपताना नाही, उठल्यावर पाजून बघा

बाळ झोपलं की दर अर्ध्या तासाने उठतं, काय करू असं इथे एका आईने विचारलंय. त्यावर अंगावरचं दूध पुरत नाही, वरचं दूध सुरू करा असं दोघीतिघींनी लिहिलंय, ते मला नाही पटत. पोट भरतंय का ते झोपेवरून नाही, शू आणि वजनावरून बघायचं. दिवसाला ६ किंवा जास्त लंगोट ओले होत असतील आणि वजन नीट वाढत असेल तर दूध पुरतंय.

माझी लेक चार महिन्यांची असताना हेच चाललेलं, पितापिता डोळा लागायचा, अर्धवट पोटी झोपायची आणि ३०-४० मिनिटांत रडत उठायची, मग मी परत पाजून झोपवायचे, दिवसभर तेच. मग फक्त क्रम बदलला, उठल्या उठल्या ती पूर्ण जागी असताना पोटभर पाजायचं, मग थोडं खेळणं आणि डोळे चोळायला लागली की लगेच झोप. आठवड्याभरात दुपारची झोप सव्वा तासावर गेली, खरंच खूप हायसं वाटलं. संध्याकाळी मात्र सारखी मागायची, तेव्हा घड्याळ न बघता दिलं. आणि अगदी नवीन बाळाला हे वेळापत्रक लावू नका प्लीज, त्यांना २४ तासांत ८ ते १२ वेळा पाजावं लागतंच.