घरच्या घरी सायकल दुरुस्ती: मुंबईकरांनो, तुमचे अनुभव सांगा

मंडळी, पाऊस उघडलाय, चार महिने जिन्याखाली नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यात पडलेल्या सायकली आता बाहेर निघतील म्हणून हा धागा काढतेय. माझं ठाम मत आहे की मुंबईत सायकल चालवून खराब होत नाही, उभी राहून होते. आम्ही दादरला समुद्राच्या बाजूला राहतो, इथे आठवडाभर कोणी हात लावला नाही तर चेनवर तांबूस थर धरलाच म्हणून समजा. आणि आधी गल्लीच्या तोंडाशी पंप घेऊन बसलेला कोणीतरी असायचा, तो आता शोधावा लागतो, सापडला तर मोटरसायकलींमध्ये गुंतलेला असतो. त्यामुळे निदान चेन, पंक्चर, ब्रेक एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही घरी काय काय करता, कशाने करता, आणि दुकानात काय नेता ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करते. चेनसाठी जुना टूथब्रश आणि हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन. खाली वर्तमानपत्र अंथरायचं, पेडल उलटं फिरवत ब्रश मारायचा, मग फडक्यात चेन धरून फडकं काळं यायचं थांबेपर्यंत पुसत राहायचं. पूर्ण सुकली की शिलाई मशीनचं तेल, चेनच्या प्रत्येक रोलरवर (कड्यांमधली फिरणारी बारीक गोल नळी) एकच थेंब, आणि थोड्या वेळाने बाहेरचं सगळं तेल परत पुसून टाकायचं. लोक हे शेवटचं करतच नाहीत! तेलाचं काम रोलरच्या आत असतं, बाहेर राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि ती पॉलिश पेपरसारखी चेन खात राहते. खोबरेल तेल मात्र कृपा करून घालू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं.

*

लालबागवरून लिहितोय. बाबांची काळी अठ्ठावीस इंची सायकल अजून आमच्याकडे आहे, रॉडचे ब्रेक वाली. ती हिंद सायकलची, कारखाना इथेच वरळीला होता, 1980 मध्ये कायदा करून सरकारने तो सेन-रॅले या दुसऱ्या सायकल कंपनीबरोबर ताब्यात घेतला आणि पुढे बंदच झाला. पण रोडस्टरचे, म्हणजे अशा साध्या काळ्या सायकलींचे पार्ट बहुतेक सगळे एकाच मापाचे असल्यामुळे अजून काही अडत नाही.

हवा सारखी उतरत असेल तर आधी पंक्चर शोधत बसू नका, वॉल (ट्यूबचं हवा भरायचं तोंड) बघा. या जुन्या वॉलमध्ये एक बारीक रबरी नळी असते (वॉलट्यूब), मुंबईच्या उकाड्यात ती चिकट होऊन फाटते. नवीन नळी अगदी किरकोळ पैशात येते, जराशी थुंकी लावून चढवली की काम झालं. ते ठीक असेल तरच टायर काढा.

पंक्चरबद्दल बाबांनी शिकवलेलं सांगतो. ट्यूब बाहेर काढताना वॉल टायरच्या कुठल्या अक्षरासमोर होता ते लक्षात ठेवायचं. घमेल्यात बुडबुडे आले की ट्यूब त्याच जागी टायरवर ठेवून बघायची, म्हणजे टायरमध्ये काच किंवा तार नेमकी कुठे रुतलीय ते लगेच कळतं. ती काढल्याशिवाय पॅच लावण्यात काही अर्थ नाही, दोनशे मीटरवर परत बसणार. आत नुसतं बोट फिरवू नका, फडकं फिरवा, जिथे अडकेल तिथे आहे. आणि शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काटा-बिटा काही नाही, हवा कमी होती आणि चाक खड्ड्यात आपटून ट्यूब रिममध्ये चिमटली. आपल्याकडे वर आलेल्या पेव्हर ब्लॉकच्या कडेला हे हमखास होतं.

सोल्युशन (पॅच चिकटवायचा गोंद) लावल्यावर थांबायचं!! बोटाला ओलं लागायचं बंद झालं की मगच पॅच, आणि मग जोरात दाबून धरायचं. घाई केली की कडेने सुटतं.

*

वरच्या पंक्चरच्या पद्धतीला भर, टायर काढायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, ट्यूबला नवीन भोक पडतं. प्लास्टिकचे लिव्हर घ्या, जोडी स्वस्त मिळते.

*

मी कांदिवलीची, लेकीच्या सायकलचं टायर बदलायचं होतं म्हणून दुकानात गेले तर त्याने 26 चं टायर दिलं, जुनंही 26 च होतं, आणि घरी आणून लावायला बसलो तर काही केल्या बसेना, टायर चांगलंच लहान. नवऱ्याने जोर लावला, दिराने लावला, तेव्हा मी दोन्ही टायर शेजारी ठेवून बाजूला काय छापलंय ते वाचलं. जुन्यावर 26 × 1 3/8 आणि खाली 37-590, नवीनवर 26 × 1.95 आणि 559. तर हा 590 किंवा 559 म्हणजे टायर रिमवर जिथे बसतं तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. दोन्हीला 26 च म्हणतात पण 31 मिमीचा फरक आहे! लेडीज आणि जुन्या साध्या सायकलींना बहुतेक 590, गिअरवाल्या जाड टायरच्या सायकलींना 559, आणि वरच्या लालबागच्या दादांच्या अठ्ठावीस इंचीला 635 असतं. तेव्हा दुकानात जाताना जुन्या टायरवरच्या या आकड्याचा फोटो काढून न्या. टायर बदलून मिळालं, पण दुकानदाराने हे स्वतःहून विचारायला हवं होतं असं मला अजूनही वाटतं. हवा किती भरायची तेही तिथेच बाजूला पीएसआयमध्ये छापलेलं असतं.

*

डावं पेडल उलट्या आट्याचं असतं. उजवं नेहमीसारखं, डावं घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. घट्ट आहे म्हणून लांब पाना लावून जोर करण्याआधी एकदा बाजू तपासा, आटे गेले तर क्रँक (पेडल ज्यात बसतं तो दांडा) बदलावी लागते.

*

चांदिवलीला राहतो, पवईच्या ऑफिसला सायकलने जातो, डिस्क ब्रेक (रिमऐवजी चाकाच्या मधल्या चकतीला पकडणारे) आहेत त्यामुळे थोडं वेगळं लिहितो. पावसात रिम ब्रेकपेक्षा डिस्क छान लागतात पण त्यांना तेलाचं वावडं आहे. आमच्या सोसायटीत एका काकांनी चांगल्या मनाने सगळ्यांच्या सायकलींवर गंज जाण्याचा स्प्रे मारला, तो डिस्कवर उडाला आणि दुसऱ्या दिवशी ब्रेक नुसते किंचाळायला लागले, लागेचनात. डिस्कची पाती आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून साफ झाली, पॅडनी मात्र तेल प्यायलं होतं, ते नवीनच घ्यावे लागले. तेव्हापासून चेनला तेल घालताना मागच्या डिस्कवर मी प्लास्टिकची पिशवी चढवतो आणि पात्याला बोट लावत नाही.

चाक फिरताना खर्र खर्र घासत असेल तर वायरच्या डिस्कवाल्यांना नाही पण हायड्रॉलिकवाल्यांना (वायरऐवजी नळीतल्या द्रवाने चालणारे ब्रेक) सोपा उपाय, कॅलिपरचे (पॅड ज्यात बसतात तो भाग) दोन बोल्ट थोडे ढिले करायचे, ब्रेकचा लिव्हर गच्च दाबून धरायचा, आणि दाबलेला असतानाच बोल्ट आवळायचे. कॅलिपर आपोआप मधोमध येतो. पहिल्यांदा जमलं तेव्हा इतका आनंद झाला की शेजारच्याची पण सायकल करून दिली.

*

वर्सोव्याहून. आमच्याकडे वारा सरळ समुद्रावरून घरात, दादरवाल्या ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं. एकच सांगायचंय, प्लास्टिकचं कव्हर घट्ट बांधून ठेवू नका. पावसाळ्यात त्याच्या आत ओल कोंडते आणि सायकल उघड्यापेक्षा जास्त गंजते. वरून झाका पण खालून मोकळं ठेवा. किनाऱ्यावरून फिरून आलात की साध्या पाण्याचा मग ओता, खार धुऊन काढा, कोरडं पुसा, मग तेल. आणि सीटचा दांडा वर्षातून एकदा काढून त्याला ग्रीस लावा. पावसाचं पाणी तिथूनच फ्रेमच्या नळीत उतरतं, आणि दांडा एकदा आत गंजून धरला की मग तो कोणाच्या बापाला निघत नाही. काढलाच आहे तर सायकल उलटी करून ठेवा, आत साठलेलं पाणी बघून थक्क व्हाल. एकट्या जुलैत इथे 800 मिमीच्या वर पाऊस पडतो, ते कुठेतरी शिरणारच.

*

मी फिटर म्हणून नोकरी केली, आता रिटायर, भांडुपला बिल्डिंगमधल्या पोरांच्या सायकली करून देतो. पावसाळ्यानंतर हब (चाकाचा मधला भाग, ज्यातून आस जातो) उघडाच. साध्या सायकलीला पुढच्या चाकात दोन्ही बाजूला दहा दहा बारीक छर्रे (3/16 इंच), मागे नऊ नऊ मोठे (1/4 इंच). उघडताना खाली थाळी ठेवा, छर्रे घरंगळतात. जुनं ग्रीस चहासारखं पातळ नि तपकिरी दिसलं तर पाणी आत गेलंय, सगळं पुसून नवीन भरा, छर्र्यावर टोचे पडले असतील तर पूर्ण सेट बदला, जुने नवे मिसळू नका. कोन (छर्रे आत दाबून धरणारा आसावरचा नट) आवळताना चाक हाताने हलवून बघायचं, खडखड नको आणि फिरताना अडकायला पण नको. ही हाताची जाण आहे, दोन चार चाकं केली की येते.

रिमचा आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढणं मात्र जाणकाराकडेच द्या. स्पोक एकीकडे आवळला की दुसरीकडे बिघडतं.

पोरांना मी चेन मोजायला शिकवतो. चेनची एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोवीस कड्या बरोबर 12 इंच. स्टीलची पट्टी पिनच्या मध्यावर लावायची, चोविसावी कडी संपते तिथली पिन 12 च्या रेघेवर असली तर चेन ठणठणीत. दीड मिमी पुढे सरकली असेल तर चेन बदला, फ्रीव्हील (मागच्या चाकाचं दात्यांचं चक्र) वाचेल. तीन मिमी सरकली तर फ्रीव्हीलचे दातेही गेले समजा, नवीन चेन त्यावर घसरणार, दोन्ही एकदम घ्यावं लागेल. खर्च कितीतरी वाढतो, म्हणून पट्टी घरात असतेच तर दर दोन तीन महिन्यांनी लावून बघा.